आपल्या घरातला गाळलेला कर्ता

मामंजी, तुम्ही जाऊन सतरा दिवस झाले आणि मला एका जागी बसवत नाही. हे लिहायला घेतल्यापासून तीनदा उठले. एकदा दूध उतू जाईल म्हणून, पण दूध मी आज आणलंच नव्हतं. एकदा तुमचा खोकला ऐकू आला म्हणून, तर तो शेजारच्या खोलीतला निघाला. आणि एकदा उगीचच उठले, दारापर्यंत गेले, परत आले. तुम्ही असता तर चष्म्यावरून बघून म्हणाला असता, "सूनबाई, पायाला भिंगरी लावलीय का? बस, आणि एक वाक्य धड पूर्ण कर." तेच करायला बसलेय. होत नाही.

लोक येतात आणि विचारतात, शेवटी काय म्हणाले? त्यांना काहीतरी मोठं ऐकायचं असतं. तुम्ही म्हणालात, "खिडकी लाव, खाडीचं वारं येतंय." मी खिडकी लावली आणि वळले तर संपलं होतं. दुपारचे साडेतीन झाले होते. आयुष्यभर मुलांना मराठी शिकवलेला मास्तर जाताना खिडकीबद्दल बोलला हे सांगायची मला चोरी वाटते, म्हणून मी सगळ्यांना सांगते की रामाचं नाव घेतलं. खोटं सांगते. तुम्ही रागावाल, पण आता काय करणार आहात?

तुमचा जीव अडकला होता तो अध्याहारात. बाकीचं व्याकरण तुम्ही नेमून दिलंय म्हणून शिकवायचात, पण वाक्यातून शब्द कसे गळतात आणि गळूनही कसे उरतात, हे शिकवायला लागलात की तुमचा आवाजच बदलायचा. मी लग्न होऊन ठाण्यात कोपरीच्या या दोन खोल्यांत आले तेव्हा तुम्ही नुकतेच पेन्शनीत निघाला होतात आणि बाहेरच्या खोलीत सकाळी शिकवणी घेत होतात. मी आत पोळ्या लाटायची. तुमचं सगळं ऐकू यायचं. तुम्ही म्हणत होतात, "'खाल्ली.' एवढंच वाक्य. कोणी खाल्ली, सांगितलं नाही. काय खाल्ली, सांगितलं नाही. पण 'खाल्ली' म्हटलंय. 'खाल्ला' नाही, 'खाल्लं' नाही. म्हणजे लाडू नव्हे, केळं नव्हे. क्रियापदाचं शेपूट धरा, कर्म कुठं लपलंय ते सापडतं." एक जण म्हणाला पोळी, एक म्हणाला करंजी, आणि एक म्हणाला औषधाची गोळी. सगळे हसले. तेव्हा आतून माझ्या तोंडून निघून गेलं, "ऐकणाऱ्यानं आधी डबा उघडून बघितला असेल तरच कळेल करंजी की पोळी."

बाहेरचं हसू थांबलं. मी लाटणं खाली ठेवलं. नवी सून, सासऱ्याच्या शिकवणीत तोंड घालते. तुम्ही म्हणालात, "आत कोण बोललं?" मी म्हटलं, "मी." तुम्ही म्हणालात, "मग आत काय करतेस? बाहेर ये." पिठाच्या हातांनी आले. तुम्ही मला दाराशी बसवलंत आणि मुलांना म्हणालात, "हे बरोबर आहे. ऐकणाऱ्याच्या मनात जे आधीपासून आहे तेवढंच बोलणाऱ्यानं गाळावं. त्याच्या मनात नाही ते गाळलं तर ती लबाडी." त्या दिवशी पोळ्या करपल्या आणि माझं शिक्षण सुरू झालं. मी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल होऊन बसले होते, तुम्ही मला पुढच्या परीक्षेला बसवलंत. आज चार घरच्या मुली मला बाई म्हणतात ते त्या करपलेल्या पोळ्यांमुळे.

आपलं भांडण कधी सुरू झालं ते मला नेमकं आठवत नाही, पण विषय पक्का आठवतो. तुम्ही मुलांना सरावाला वाक्यं द्यायचात, 'गाळलेला शब्द कंसात लिहा.' मी म्हणायची, मामंजी, माणूस काही गोष्टी समोरच्याला माहीत आहेत म्हणून गाळतो आणि काही गोष्टी तोंडातून निघत नाहीत म्हणून गाळतो. तुमच्या कंसाला हे कसं कळायचं? तुम्ही म्हणायचात, "कंसाला कळायची गरज काय? शब्द तोच येतो ना?" मी म्हणायची, शब्द तोच येतो, पण. तुम्ही म्हणायचात, "पण काय?" आणि मी उठून आमटीत पाणी घालायला जायची. एवढी वर्षं त्या 'पण'च्या पुढे आपण गेलो नाही. तुम्हाला वाटायचं मी हरले. मी हरले नव्हते, मी आमटीकडे गेले होते.

आता तुमच्या चिरंजीवांकडे येते. यावंच लागेल.

स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीच्या आधी ते नागपूरकडे नोकरी बघायला गेले. आमच्या लग्नाला दोन वर्षं होत आली होती, मी वीस वर्षांची होते. "बघून येतो" म्हणाले. दोन पत्रं आली. पहिल्यात हवा कोरडी आहे असं होतं, दुसऱ्यात हवा फार कोरडी आहे असं होतं. तिसरं आलं नाही. त्यांचं नाव मी इथंही लिहिणार नाही. आता रीत म्हणून नव्हे, कंटाळा म्हणून.

तेव्हा मात्र रीतच होती. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. हळदीकुंकवाला उखाण्यात तेवढं घ्यायची सोय, पण पहिल्या वर्षानंतर चाळीतल्या बायका माझी पाळी आली की पुढच्या बाईकडे वळायला लागल्या, कुणी मुद्दाम ठरवलं नव्हतं तरी. आणि तुम्ही, तुम्ही रागानं ते नाव टाकलंत. सहा महिने वाट पाहून एक दिवस टाकलंत ते टाकलंत. मग या दोन खोल्यांत दोन माणसं राहत होती आणि दोघांच्याही बोलण्यात तो माणूस नव्हता, आणि तो ज्यात नाही असं एकही वाक्य नव्हतं. "आलं का काही?" "नाही." "उन्हात घातलास?" "घातला." बाहेरचा कुणी ऐकत असता तर त्याला काय बोध झाला असता? पण आपल्याला सगळं कळायचं. पत्र आलं का, कोट उन्हात घातलास का. निदान मला तरी वाटायचं की आपल्याला सगळं कळतं.

तुम्ही एकदा गॅलरीत उभे होतात आणि खाली अंगणात भागीबाईंनी, म्हणजे चाळमालकाच्या आईनं, सुनेला विचारलं, "टाकलास का गो?" आतून सून म्हणाली, "टाकला." तुमचे कान टवकारले. अर्धा तास तुम्ही खोलीत फेऱ्या मारत होतात. टाकला म्हणजे काय टाकला? मसाला? कचरा? भात? शेवटी राहवेना तेव्हा कठड्यावरून वाकून विचारलंत, "भागीबाई, काय टाकला हो?" त्या वर बघून म्हणाल्या, "तुमाला काय करायचा हाय मास्तर?" मी आत तोंडाला पदर लावून हसत होते. तुम्हीही हसलात. असं एकत्र हसणं आपल्या घरात रोजचं होतं हे आता कुणाला सांगून पटायचं नाही. सांत्वनाला येणारे सगळे मान हलवून म्हणतात, बिचारे, पोराची वाट बघत गेले.

टपालाचं सांगते. पोस्टमन अंगणात आला की तुम्ही पुस्तक मिटून जिन्याशी जायचात. रोज. विचारायचात, "आलं का काही?" तो मान हलवायचा, तुम्ही परत यायचात आणि माझ्याकडे न बघता बसायचात. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा जीव किती तुटतोय. रागानं नाव टाकलंय, पण आतडं तुटतंय. म्हणून मी कोट जपला. खुंटीवरचा चिरंजीवांचा लोकरी कोट दर पंधरा दिवसांनी गॅलरीत उन्हात घालायची, झटकायची, डांबराच्या गोळ्या बदलायची. मुलाची आठवण कसरीनं खाल्ली असं बापाला वाटू नये म्हणून. तुम्ही कोटाकडे बघायचात, मग माझ्याकडे बघायचात, आणि पुस्तक उघडायचात.

वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी तुम्ही पिशवी भरून सामान आणायचात. सुताची गुंडी, आंबे, फणसाचे गरे, काळे मणी. पिशवी ठेवून म्हणायचात, "आणलंय." मी म्हणायची, "बरं." मुलाच्या आयुष्यासाठी बाप उन्हातून सामान घेऊन आला, आता मी न जाऊन कसं चालेल? म्हणून जायची. दिवसभर पोटात पाण्याचा थेंब नाही. तुम्ही थोड्या अंतरावर पिशवी धरून पाठमोरे उभे, बायकांच्या घोळक्यात पुरुषानं काय बघायचं म्हणून. मी सूत गुंडाळत फिरायची आणि खरं सांगते, मनात पाढे म्हणायची. सात जन्म कशाला मागायचे हो? ज्याला एक जन्म दोन वर्षंसुद्धा झेपला नाही त्याला आणखी सहा कुठून झेपायचे? पण तुमची पाठ दिसली की पुढचा फेरा घालायची. असे आठ वड झाले, मामंजी.

माझं वाट पाहणं तिसऱ्याच वर्षी संपलं होतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. गच्चीवर पापड वाळत घालत होते. खाली फाटक वाजलं आणि माझ्या मनात आलं, पोस्टमन नसला तर बरं, हात पिठाचे आहेत, पापडांवर कावळे बसतील, खाली कोण जाणार. मग माझं मलाच जाणवलं की मी काय म्हटलं. मी तिथंच बसले. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. पापड पुरे घातले, खाली आले, तुम्हाला चहा दिला. तुम्ही म्हणालात, "आज चहा चांगला झालाय." त्या संध्याकाळी तुम्हाला सांगायला हवं होतं. तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याच्या आशेवर पाणी कशाला फिरवा. एकुलता एक मुलगा.

आणि मग डोंबिवली. तिथं नवी शाळा निघाली होती, दोन खोल्यांची, माझ्या ओळखीच्या एक बाई मुख्याध्यापिका. त्यांनी मला बोलावलं. कायमची जागा, वर राहायला खोली, मागे विहीर. इथं ठाण्यात मी बदली शिक्षिका, कुणाचं बाळंतपण निघालं की मला बोलावणं. मी गाडीनं जाऊन शाळा बघून आले, तुम्हाला म्हटलं मैत्रिणीकडे गेले होते. आजूबाजूला नुसती शेतं, दोन-चार बंगले, चारदोन चाळी, आणि इतकी मोकळी हवा की मला परत यावंसं वाटेना. पण तुम्हाला कसं हलवणार? पत्ता हा. मुलगा आला तर याच जिन्यानं येणार. मी बाईंना नाही म्हटलं. दोन वर्षांनी त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हटलं. दुसऱ्या वेळी घरी येऊन मी भांडी इतकी आपटली की तुम्ही विचारलंत, "कुणाशी भांडलीस?" मी म्हटलं, "कुणाशी नाही."

अजून एक आठवतं, आणि आता ते डोक्यातून जात नाही. त्याच तिसऱ्या वर्षी, पापडांनंतर काही महिन्यांनी, तुम्ही नाशिकला मुंजीला म्हणून गेलात. आठ दिवसांनी आलात. चेहरा उतरलेला, प्रवासानं असेल म्हटलं. मी पिशवी रिकामी केली, त्यात मुंजीचं काहीच नव्हतं. मी विचारलं, "लाडू?" तुम्ही म्हणालात, "विसरलो." आणि हात-पाय धुवायला गेलात. मी म्हटलं, म्हातारपण. दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला तेव्हा तुम्ही नेहमीसारखे उठून जिन्याशी गेलात.

तुम्ही गेलात तेव्हा अग्नी वन्सांच्या, तुमच्या लेकीच्या, यजमानांनी दिला. दहाव्याला पिंड ठेवला तेव्हा आम्ही दोघी, वन्सं आणि मी, बायकांनी यायचं नसतं असं सांगितलं तरी गेलो आणि मागे उभ्या राहिलो. कावळे होते, तळ्याच्या काठाला चांगले सात-आठ, पण पिंडाकडे कुणी फिरकेना. मेलेल्या माणसाची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, मग ज्यानं त्यानं आपल्या मनाप्रमाणे वचनं द्यायची. वन्सांचे यजमान हात जोडून म्हणाले, "मुलाला शोधून आणू." कावळे तिकडेच. भटजी म्हणाले, "लहानसहान काही असेल, आठवा." कुणी म्हणालं तुमची पुस्तकं वाचनालयाला देऊ. काही नाही. उन्हं चढत होती. तेव्हा माझ्या शेजारी उभ्या वन्सं हुंदका देऊन म्हणाल्या, "अण्णा, वहिनीचं वाट पाहणं आता मी संपवते. तिला सगळं सांगते. तुम्ही जा."

कावळा तेव्हाही शिवला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. पण माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी वन्सांचा दंड धरून विचारत होते, "माझं वाट पाहणं? कुणाची?"

घरी येऊन वन्सं बोलल्या. तुम्हाला माहीत आहेच, पण मला जसं कळलं तसं सांगते. तुम्ही नाशिकला गेला नव्हतात. नागपूरला गेला होतात, आणि शोधत शोधत तुम्हाला चिरंजीव सापडले होते. तिथं त्यांचं बिऱ्हाड होतं. बाई होती, रांगतं मूल होतं. ते म्हणाले, "मी यायचा नाही, अण्णा." तुम्ही पाणीसुद्धा न पिता परत फिरलात. कल्याणला वन्सांकडे एक दिवस राहिलात, त्यांना सांगितलंत आणि शपथ घातलीत की वहिनीला कळता कामा नये. वन्सं रडत म्हणाल्या, "मी किती वेळा म्हटलं, अण्णा, माझ्याकडे येऊन राहा, अंगण आहे, नातवंडं आहेत. तर म्हणायचे, ती जागा सोडणार नाही गं. ती टपालाकडे कान लावून असते, तिला विचारायची लाज वाटते म्हणून रोज मीच पोस्टमनला विचारून येतो. कोट जपते. वड पुजते. तिच्या तोंडचा घास मी कसा काढून घेऊ? मी आहे तोवर तिच्याबरोबर इथंच राहतो."

मामंजी, मी हसले. दहाव्याच्या दिवशी, चार माणसांत, मोठ्यानं हसले. वन्सं घाबरल्या, त्यांना वाटलं हिला वेड लागलं. मी त्यांना म्हटलं, "कोट मी मामंजींसाठी जपत होते. वड मी त्यांच्यासाठी पुजत होते." मग मला जे रडू आलं ते पापडांच्या दिवसापासून साठलेलं सगळं एकदम आलं, आणि ते तुमच्या मुलासाठी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बोहारीण आली. तिला कोट देऊन पातेलं घेतलं. चांगलं जाड बुडाचं आहे.

मला तुमचा राग येतो. सकाळी उठल्या उठल्या येतो, तुमची पथारी गुंडाळलेली दिसली की. तुमचाच नियम ना हा, ऐकणाऱ्याच्या मनात नाही ते गाळू नये? माझ्या मनात होतं का ते बिऱ्हाड, ते रांगतं मूल? नागपूरहून आल्यावर पाच वर्षं तुम्ही मला समोर बसवून कर्ता ओळखायला लावलंत, आणि तुमच्या स्वतःच्या पोटात काय होतं याचा पत्ता लागू दिला नाहीत. मी काय काचेचं भांडं होते का? मला सांगितलं असतंत तर मी दोन दिवस आदळआपट केली असती, तिसऱ्या दिवशी तुम्हाला घेऊन डोंबिवलीला गेले असते. विहिरीच्या कडेला खुर्ची टाकून तुम्ही शेतावरच्या बायकांची वाक्यं ऐकत बसला असता. छाती भरली ती या खाडीच्या दमट हवेनं, असं डॉक्टर म्हणाले. तिथं दोन वर्षं तरी जास्त काढली असतीत की नाही? सांगा ना. मी हे तुम्हाला विचारतेय आणि तुम्ही उत्तर द्यायला नाही, याचाही मला राग येतो.

आणि मग चहा ठेवताना तो राग माझ्यावरच उलटतो. मी तरी काय वेगळं केलं? मीही पापडांचं बोलले नाही, डोंबिवलीचं बोलले नाही. मी वडाभोवती फिरत होते आणि तुम्ही पिशवी धरून उभे होतात, आणि दोघांपैकी कुणालाही तिथं यायचं नव्हतं. उपाशी मी राहायची, पाय तुमचे दुखायचे. एकदा, फक्त एकदा, मी म्हटलं असतं, मामंजी, यंदा वड नको. तुम्ही काय म्हणाला असता? मला तुमचा चेहरा दिसतो. तुम्ही पिशवी खाली ठेवली असतीत आणि म्हणाला असता, "मग या आंब्यांचं काय करायचं?" आणि आपण ते खाल्ले असते.

हे सगळं खरं, पण एका गोष्टीपाशी येऊन मी अडते, आणि मग पुन्हा उठून दारापर्यंत जाते. समजा बोललो असतो. समजा तिसऱ्या वर्षीच सगळं स्वच्छ झालं असतं. मी वर लिहिलं खरं की तुम्हाला डोंबिवलीला नेलं असतं, पण नेऊ दिलं असतं का लोकांनी? तुम्हीच आला असता का? ज्या मुलानं बायको टाकली त्याचा बाप त्या सुनेच्या पगारावर कोणत्या नात्यानं राहणार? तुम्ही वन्सांच्या अंगणात गेला असता. मला भावानं नेलं असतं, त्याच्या घरी मी लोणची घातली असती. आपण दोघं एका घरात राहत होतो ते त्याची वाट पाहण्याच्या नावाखाली. ते नाव काढून घेतलं असतं तर सकाळच्या चहाबरोबरचं ते भांडण कुठून आलं असतं? माझी परीक्षा? निकालाच्या दिवशी तुम्ही स्वतः पेढे आणायला गेलात आणि पेढे बाजारातच विसरून नुसता निकाल घेऊन पळत आलात, ते? मला ठरवता येत नाही, मामंजी. आपलं नुकसान झालं की आपण फायद्यात राहिलो, याचा निवाडा मी रोज करते आणि रोज वेगळा करते.

तुम्हाला कधीतरी कळलं होतं का? हे एक माझ्या मनात राहून राहून येतं. गेल्या वर्षी कोट उन्हात घालायला मी महिनाभर विसरले, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्ही हुशार होतात. कदाचित तुम्हाला कळलं असेल की ही वाट बघत नाही, आणि तरीही तुम्ही जिन्याशी जात राहिलात, कारण थांबलात तर उद्यापासून एकत्र राहायला निमित्त काय? असं असेल तर मी तुम्हाला सगळं माफ करते. असं नसेल तरी करते. पण असं असेल तर मला फार बरं वाटेल.

दहाव्याला तळ्याच्या काठी मी काय म्हणायला हवं होतं ते आता मला माहीत आहे. तिथं सगळे वचनं देत होते आणि मी मुकाट उभी होते. हात जोडून एवढंच म्हणायचं होतं, मामंजी, मी त्यांची वाट बघत नव्हते, मी तुमच्याबरोबर राहत होते. सगळे शब्द त्यात आहेत बघा, काही गाळलेलं नाही. सतरा दिवस लागले हे एक वाक्य पुरं करायला.

डोंबिवलीच्या बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, मी हो म्हटलं. उद्या सामान हलवायचं आहे. वन्सं मदतीला येणार आहेत. तुमची पुस्तकं मी वाचनालयाला देणार नाही, कुणी काहीही वचन दिलेलं असो, ती माझ्याबरोबर येतील. आज सकाळी पाणी भरून येताना जिन्याशी भागीबाई भेटल्या. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "जातंस ना गो बाय?" मी म्हटलं, "उद्या." त्या जरा घुटमळल्या. मग हळूच म्हणाल्या, "कोनी आला न इचारलान, त काय सांगू?"

मी दोन पायऱ्या चढले होते. कळशी खाली ठेवली आणि परत उतरून त्यांच्यासमोर उभी राहिले.

"सांगा," मी म्हटलं, "इथं दोघं राहत होते. सासरा आणि सून. बरे राहत होते. वाट कुणाचीच पाहत नव्हते."